चेंबरात डिझेल कुणी ओतलं?

१

इंजिनाच्या चेंबरचा बोल्ट सोडला आणि घमेल्यात तेल पडायला लागलं, पण ते तेलासारखं पडेना. पाण्यासारखं पडलं. मी बोट बुडवलं, नाकाशी नेलं, आणि या वयात चारचौघांत माझ्या तोंडून शिवी गेली. इंजिन ऑइलमध्ये डिझेल होतं. थोडंथोडकं नाही, चांगलं दोन लिटर असावं.

मी जीवराम मास्तर. पारोळ्यात एकतीस वर्षं डिझेलचा क्लास चालवला, ड्रायव्हर घडवले, मेकॅनिकही घडवले. शिरपूरपासून बोदवडपर्यंत कुठल्याही पिकअप स्टँडवर माझं नाव सांगा, चहाचे पैसे द्यावे लागणार नाहीत. क्लास बंद करून नऊ वर्षं झाली, तरी इंजिनावरून भांडण लागलं की गाडीवाले मलाच पंच करतात. पंचाने ज्याचं नाव घेतलं त्याला पुन्हा स्टँडवर कुणी काम देत नाही. आमच्याकडची रीतच आहे ती. कोर्टकचेरीपेक्षा बरी, असं मी परवापरवापर्यंत छाती काढून सांगत होतो.

गाडी हितेंद्रची. हितेंद्र कापसाचा व्यापारी, खेडा खरेदी करतो. म्हणजे पिकअप गावोगाव, दारोदार फिरवायची, कापूस मोजायचा, भरायचा आणि जिनिंगला पोचवायचा. दीड वर्षापूर्वी घेतलेली नवी पिकअप. अडीच लिटरचं इंजिन, चार सिलिंडर, टर्बो, सव्वा टन माल. तीन लाख किलोमीटर इंजिन उघडायची गरज नाही, असं कंपनीच्या कागदावर छापलेलं. आणि बेचाळीस हजारांवर, मंगळवारी सकाळी, तामसवाडीच्या रस्त्यावर ते जाम झालं. क्रँकची बेअरिंगं वितळून चिकटली होती.

धुळ्याहून सर्व्हिस सेंटरचा माणूस आला, तेलाचा वास घेतला आणि कागदावर एक ओळ लिहून गेला. "तेलात बाहेरून डिझेल मिसळलेले आहे, वॉरंटी लागू नाही." त्यातल्या 'बाहेरून' या एका शब्दाने आग लावली.

"चांदने केलं, मास्तर," हितेंद्र दहा माणसांत ओरडला. "जागा खाली कर म्हणालो ना, म्हणून माझ्या गाडीला विष पाजलं!"

चांद मिस्त्रीचं गॅरेज हितेंद्रच्या प्लॉटवर होतं. तिथे गोडाऊन बांधायचं म्हणून हितेंद्र दोन महिने त्याच्या मागे लागला होता. चांद तिथेच उभा होता, हात पुसत. एक शब्द बोलला नाही.

"रविवारी बैठक आहे," हितेंद्र मला म्हणाला. "तुम्ही नाव घ्या. चांदचं असलं तर सोमवारी त्याचं शटर कायमचं खाली, आणि मी पोलिसांत जाणार."

आज बुधवार होता. माझ्या हातात चार दिवस होते, आणि चांदच्या हातात माझ्याशिवाय काही नव्हतं. शिवाय गावात असल्या भांडणाला दुसरा रंग यायला वेळ लागत नाही, हे मला न कळण्याइतका मी लहान नाही.

बॉनेटचा खटका कॅबिनच्या आत असतो, आणि कॅबिनला कुलूप असायचं. म्हणजे ज्याने ओतलं त्याच्याकडे किल्ली होती.

"किल्ल्या किती?" मी विचारलं.

"तीन. एक ड्रायव्हरकडे, योगराजकडे. एक चांदच्या गॅरेजात, कारण गाडी रात्री त्याच्याच आवारात उभी असते. आणि एक माझ्या घरी, खुंटीला."

"घरात कोण कोण?"

"आई, बायको," हितेंद्र म्हणाला, आणि जरा अडखळला. "आणि पियुष."

पियुष त्याचा चुलतभाऊ. त्याचीही एक पिकअप आहे, जुनाट. हितेंद्रची नवी गाडी आल्यापासून तिला कुणी विचारत नव्हतं.

२

आधी चांदकडे गेलो. खोटं कशाला बोलू, चांदबद्दल मला फारशी माया नव्हती. तो मालेगावला मामाच्या गॅरेजात शिकला, माझ्याकडे नाही. मला वाटायचं, जे माझ्या हाताखालून गेलं नाही ते कच्चंच.

"मी तेल बदललं त्याला तीन महिने झाले," तो म्हणाला. "साडेसहा लिटर टाकलं, गेजवर बरोबर वरच्या खुणेला. त्यानंतर बॉनेट उघडलं नाही. नव्या गाडीत उघडून करणार काय? सगळी वायर आणि कम्प्युटर."

"किल्ली?"

त्याने भिंतीकडे बोट दाखवलं. खिळ्याला किल्ली होती. खिळ्याखाली डिझेलचा कॅन होता, कॅनवर फनेल. कुठल्याही गॅरेजात असतात, पण माझी नजर तिथून हलेना. संशय एकदा डोक्यात शिरला की कॅनसुद्धा साक्षीदार वाटतो.

"चांद, तू एकदाही म्हणाला नाहीस की मी केलं नाही."

"म्हटलं तर मानाल?"

माझ्या मनात आलं ते हे, की निर्दोष माणूस आधी ओरडतो, गप्प बसतो तो गुन्हेगार. असले ठोकताळे मला भरपूर पाठ आहेत.

मागच्या खोलीतून त्याची बायको जुबेदा बाहेर आली. "मास्तर, तुमचं ठरलंच असेल तर विचारता कशाला? माझी नाजमीन आज शाळेतून रडत घरी आली. पोरी विचारतात, तुझ्या अब्बाने गाडी मारली का गं? आता तिने काय सांगायचं?"

"जुबेदा, आत जा," चांद म्हणाला.

"का जाऊ? पंच घरी आलेत तर ऐकून जाऊ देत."

मी खाली मान घालून निघालो. वाईट वाटलं, नाही कसं? पण वाईट वाटलं म्हणून संशय गेला नाही.

आवाराच्या फाटकाशी पियुष उभा होता. इकडेतिकडे बघून माझ्या कानाशी आला.

"मास्तर, माझं नाव घेऊ नका. पण मागच्या शनिवारी, सकाळी सकाळी, मी चांदला हितेंद्रच्या गाडीच्या बॉनेटखाली वाकलेलं पाहिलं. हातात कॅन होता."

३

झालं, असं मला वाटलं. डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार मिळाला. पण कान आणि डोळे यांत चार बोटांचं अंतर असतं, आणि पियुषने जे पाहिलं ते मी फक्त ऐकलं होतं. म्हणून हितेंद्रच्या घरी गेलो, घरातली किल्ली बघायला.

हितेंद्रची आई बेबाबाई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. किल्ली खुंटीलाच होती. मी सहज शनिवारचा विषय काढला.

"शनिवारले?" बेबाबाईंनी मान वर केली. "चांद शनिवारले आठे नहीच व्हता, मास्तर. जुबेदा माले सांगीसन गयी, मालेगावले लगीन शे म्हनीसन. पाच दिन बठ्ठा तथाच व्हतात. मी तर तिन्या कोंबड्यास्ले दाना टाका."

"म्हणजे पाच दिवस चांद इथे नव्हताच? हे हितेंद्रला सांगितलंत?"

"तो कोनं ऐकस?" त्या म्हणाल्या, आणि शेंगा जोरात सोलायला लागल्या.

पियुष खोटं बोलला होता. आता का बोलला, एवढंच राहिलं. मी तडक त्याच्या गाडीपाशी गेलो. तो चाकाला जॅक लावत होता.

"शनिवारी चांद मालेगावला होता. तू भुताला पाहिलंस का रे?"

त्याच्या हातातला पाना पडला. बराच वेळ त्याने ताकास तूर लागू दिली नाही. शेवटी मी म्हणालो, "ठीक आहे, रविवारी बैठकीत तुझंच नाव घेतो." तेव्हा गडी ढिला पडला.

"मास्तर, मी खुंटीवरची किल्ली घ्यायचो. पण ओतायला नाही, काढायला! त्याच किल्लीने टाकीचं झाकण उघडतं. पाइप टाकून दोन-चार लिटर डिझेल काढायचो. माझी गाडी बसून असते, हितेंद्रला काय कमी आहे? शनिवारी काढत होतो तेव्हा रस्त्यावरून कुणी गेलं. मला वाटलं, बघितलं असेल. म्हणून आधीच चांदचं नाव घेतलं."

"म्हणजे चोर तू, आणि बोंब चांदच्या नावाने."

"चोर म्हणा. पण इंजिन मी मारलं नाही. आईची शपथ!"

शपथ! ज्याच्या हातात डिझेल, पाइप आणि किल्ली, मनात जळफळाट, तोंडात खोटं, त्याची शपथ मी कशाला मानू? गुरुवारी दुपारीच माझ्या लेखी प्रकरण मिटलं होतं. पियुषने ओतलं. फक्त कधी ओतलं, ती तारीख पाहिजे होती, आणि ती मला एकच माणूस देऊ शकत होता.

४

योगराज माझा विद्यार्थी. शेवटच्या बॅचचा, आणि माझ्या मते सगळ्यांत गुणी. त्याच्यावर मी संशय घेतलाच नव्हता. किल्ली त्याच्याकडेही होती, हे मी ऐकलं होतं आणि सोडून दिलं होतं.

माझ्या क्लासची एक पद्धत होती. रोज सकाळी, इंजिन थंड असताना, तेल मोजायची गेजपट्टी बाहेर काढायची, पुसायची, पुन्हा बुडवायची, आणि कॅलेंडरच्या जुन्या पानाच्या मागच्या बाजूला आडवी टेकवायची. कागदावर तेलाचा पट्टा उमटतो. पट्ट्याची लांबी म्हणजे तेलाची पातळी. शेजारी तारीख टाकायची. आम्ही त्याला पट्टी छापणं म्हणायचो. पट्टी आखूड झाली की तेल खातंय, सावध व्हा. बाकीची पोरं महिनाभर छापायची आणि सोडून द्यायची. योगराजने दीड वर्षात कामावरचा एक दिवस चुकवला नव्हता.

"बघा मास्तर," त्याने तीन महिन्यांची पानं माझ्यासमोर पसरली. त्याचे डोळे सुजलेले होते. "तेल कधी खुणेखाली गेलं नाही. उलट वरच. मी सगळ्यांना सांगायचो, माझी गाडी थेंबभर तेल खात नाही. आणि तुम्ही शिकवलेला दुसरा नियमही कधी मोडला नाही. दिवा पेटला, किल्ली फिरली. रस्त्यात कुठलाही दिवा लागला की इंजिन बंद. दहा मिनिटं थंड करायचो, मग पुढे. मंगळवारी लाल दिवा लागला, तेव्हाही त्याच सेकंदाला बंद केली. तरी मेलं."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तुझी काही चूक नाही बेटा."

मग चष्मा लावून पट्ट्या बघायला बसलो. पियुषने ज्या दिवशी ओतलं असेल त्याच्या दुसऱ्या दिवशी पट्टी एकदम लांब झालेली दिसणार. दोन लिटर म्हणजे चांगला दोन बोटांचा फरक. तो दिवस सापडला की काम फत्ते.

तो दिवस सापडेना.

पट्टी एकदम कधीच वाढली नव्हती. रोज केसभर वाढली होती. पहिल्या पानावरच्या पट्ट्या काळ्याभोर, काठ स्वच्छ. दुसऱ्या पानावर काठाबाहेर पिवळट ओल पसरलेली. तिसऱ्या पानावर मधला काळा भाग बारीक आणि भोवतीची ओल रुंद. डिझेल असंच पसरतं कागदावर. म्हणजे कुणीतरी एकदा नाही, तीन महिने रोज, वाटीवाटीने ओतत होतं.

आता तारखा. चांद मालेगावला होता ते पाच दिवस? पट्टी वाढतच होती. चांद सुटला.

पियुष बायकोच्या बाळंतपणासाठी नऊ दिवस शिरपूरला होता, हे सगळ्या गावाला माहीत. ते नऊ दिवस? वाढतच होती. पियुष सुटला.

मधे तीन दिवसांची पट्टीच नव्हती, आणि चौथ्या दिवशीची पट्टी वाढण्याऐवजी जराशी आखूड होती. "हे तीन दिवस काय?" मी विचारलं.

"मी सुट्टीवर होतो मास्तर. हितेंद्रशेठ स्वतः गाडी नाशिकला घेऊन गेले होते, मेव्हण्याचं सामान पोचवायला."

मी कागद खाली ठेवला. चांद नव्हता तेव्हा तेल वाढलं. पियुष नव्हता तेव्हाही वाढलं. योगराज नव्हता तेव्हाच फक्त थांबलं. तीन किल्ल्यांपैकी एकच उरली, आणि ती माझ्यासमोर उभ्या असलेल्या पोराच्या खिशात होती.

५

"योगराज, तू काय केलंस?"

"मी? मास्तर, मी माझ्या हाताने माझी गाडी मारीन? लोक बायकोला जपत नाहीत एवढी जपली मी ती!"

तो खोटं बोलत नव्हता. मला माणसं फारशी कळत नाहीत हे एव्हाना सिद्ध झालंच होतं, पण एवढं कळलं. मग पट्ट्या खोट्या होत्या का? त्याही नव्हत्या. मी परत आवारात गेलो आणि खोललेल्या इंजिनापाशी बसलो. माणसं फसवतात, लोखंड फसवत नाही.

सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं एखादं नोझल गळत असेल तर? मग एकच पिस्टन डिझेलने धुतलेला दिसतो, बाकीचे काळे. इथे चारही पिस्टन सारखे. चारही सिलिंडरमध्ये, अगदी समान, रोज, कुणीतरी जास्तीचं डिझेल सोडत होतं. चार सिलिंडरमध्ये असं मोजून डिझेल सोडायचं कसब ना चांदकडे, ना पियुषकडे, ना माझ्याकडे.

चांद मागे येऊन उभा राहिला होता. "मास्तर," तो म्हणाला, "हे आपल्या दोघांच्याही पलीकडचं आहे. धुळ्याला पारोळा रोडवर एक मुलगी आहे, ऋतिका. स्कॅनर घेऊन बसते. नव्या गाड्या तिला कळतात."

मुलगी! माझ्या कपाळाला आठी पडलीच. पण शुक्रवारी तिला बोलावलं. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची असेल, बसने आली, खांद्याला बॅग. आल्या आल्या बॅटरी जोडली, डॅशखाली वायर खोचली आणि मोबाइलएवढ्या पडद्यावर बघत बसली. योगराज, चांद आणि मी तिच्याभोवती उभे. मी पट्ट्यांची पानं तिच्यासमोर धरली तेव्हा तिने ती हातात घेतली आणि कितीतरी वेळ खाली ठेवली नाहीत.

"सर, हे तुम्ही शिकवलं? फार भारी आहे हे."

मी खूश झालो. लाजायला हवं होतं, पण झालो.

"आता हे बघा," ती म्हणाली. "नव्या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये धुराची गाळणी असते. तिच्यात काजळी साठते. भरली की इंजिन स्वतःच जास्तीचं डिझेल सोडतं, त्याने सायलेन्सर तापतो आणि काजळी जळून जाते. तेव्हा पिवळा दिवा लागतो, इंजिनचा आवाज वाढतो, जळका वास येतो. पंधरा-वीस मिनिटं गाडी सलग पळवली की काम संपतं, दिवा जातो. पण मधेच बंद केली तर काजळी तशीच. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून. आणि दर वेळी थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली चेंबरात उतरतं."

तिने पडदा माझ्याकडे वळवला. "काजळी जाळायला सुरुवात केली त्र्याण्णव वेळा. पूर्ण झाली सात वेळा. शहाऐंशी वेळा कुणीतरी मधेच इंजिन बंद केलं."

"नाशिकला शेठने सलग नेली," योगराज पुटपुटला. "तेव्हा पूर्ण झालं असणार. म्हणून पट्टी आखूड."

"बरोबर. लांबच्या तापलेल्या रस्त्यावर तेलातलं डिझेलही थोडं उडून जातं. खेडा खरेदीत मात्र गाडी दोन किलोमीटर पळते आणि अर्धा तास थांबते."

"मला वाटायचं, वर कापूस आणि खाली सायलेन्सर तापलाय," योगराज म्हणाला. "वास आला की वाटायचं, आता कापूस पेटतो. शेवटी शेवटी दिवसातून दोनदा दिवा लागायचा. मी दर वेळी लगेच..."

"म्हणजे बाहेरून कुणी ओतलंच नाही," चांद हळूच म्हणाला आणि उकिडवा बसला.

"नाही. इंजिनाने स्वतःच ओतलं. सर्व्हिस सेंटरने हे मोजायला हवं होतं, त्यांनी नुसता वास घेतला." ऋतिकाने वायर गुंडाळली. "पण मला एक सांगा, दिवा लागला की इंजिन बंद करायचं, हे यांना शिकवलं कुणी?"

योगराजने मान खाली घातली. चांदने माझ्याकडे पाहिलं. मग ऋतिकानेही पाहिलं.

६

शनिवारी संध्याकाळी योगराज माझ्या घरी आला. बसला नाही, उंबऱ्यातच उभा राहिला.

"मास्तर, बैठकीत तुमचं नाव कशाला घेता? माझी चूक म्हणा. ड्रायव्हर होता, त्याला नवी गाडी कळली नाही, झालं. मला कुठेही नोकरी मिळेल. तुमचं नाव गेलं तर परत येणार नाही."

गुणी पोरगं! आणि मला सांगायला लाज वाटते, मी विचार केला. नुसतं 'कंपनीच्या इंजिनाचा दोष' म्हणून उठलो असतो तरी कुणी उलट विचारणार नव्हतं. पण हितेंद्र म्हणाला असता, मास्तरांनी चांदला वाचवायला गोष्ट रचली. चांदवरचा डाग धुतला जाण्यापेक्षा आणखी पसरला असता. अर्धं खरं सांगून त्याचं शटर वर राहणार नव्हतं. पूर्ण सांगायचं तर माझ्या तोंडानेच सांगावं लागणार होतं.

रविवारी दहा वाजता पारोळ्याच्या भुईकोट किल्ल्याजवळच्या स्टँडवर सगळे जमले. अकरा पिकअप ओळीने उभ्या होत्या. हितेंद्र पुढे, पियुष पार मागे. चांद एकटाच बाजूला, आणि त्याच्या आणि बाकीच्यांच्या मधे दोन माणसांची मोकळी जागा. ती जागा मी मोजली, कारण ती मीही पाडली होती.

मी पट्ट्यांची पानं गाडीच्या फाळक्यावर पसरली. तारखा दाखवल्या. चांद नव्हता ते दिवस, पियुष नव्हता ते दिवस, योगराज नव्हता ते तीन दिवस. ऋतिकाने त्र्याण्णव आणि सात हे आकडे वाचून दाखवले.

"म्हणजे कुणीच केलं नाही?" हितेंद्र तडकला. "इंजिन आपोआप मेलं? मास्तर, कोणाला समजावता? कुणाचं तरी नाव घ्या!"

"घेतो. जीवराम मास्तर."

कुणीतरी हसलं. त्याला वाटलं मी थट्टा करतोय.

"हसू नका. जुन्या इंजिनात एकच दिवा असायचा, तेलाचा, आणि तो लागला की बंद करणं हाच धर्म होता. मी तो नियम घोकून घेतला. नवी इंजिनं आली तेव्हा मी ती उघडूनसुद्धा बघितली नाहीत. डिझेल ते डिझेल, असं म्हणत घरी चहा पीत बसलो. पट्टी आखूड झाली तर काय करायचं ते शिकवलं. लांब झाली तर काय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पोराने माझं ऐकलं, शहाऐंशी वेळा ऐकलं, म्हणून गाडी मेली. त्याने एकदा जरी माझं ऐकलं नसतं तरी ती थोडी जास्त जगली असती."

"एवढी वर्षं उंटावरून शेळ्या हाकल्या म्हणा ना!" मागून कुणीतरी बोललं. आवाज माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याचा होता. लागलं. पण त्याचं काही चुकलं नव्हतं.

"म्हणा," मी म्हणालो. "पण आधी सांगा, पिवळा दिवा लागला की गाडी बंद कोण करतं?"

मग एक हात वर झाला, मग दुसरा, मग बरेच. एकमेकांकडे बघायला लागले. कुणी काही न सांगता पहिल्या गाडीचं बॉनेट उघडलं, मग शेजारच्या. स्टँडवर अकरा बॉनेटं वर झाली आणि गेजपट्ट्या निघाल्या. सात गाड्यांचं तेल वरच्या खुणेच्या पार होतं. एकाने बोट नाकाशी नेलं आणि मटकन खाली बसला. त्याचं कर्ज अजून चार वर्षं बाकी होतं.

ऋतिका प्रत्येकाला सांगत फिरायला लागली, ही गाडी आता सुरू करू नका, आधी तेल बदला. हितेंद्र थोडा वेळ तिथेच घुटमळला. मग चांदपाशी गेला.

"झालं गेलं सोड चांद. गैरसमज झाला."

"आणि जागा?" चांदने विचारलं.

"बघू नंतर."

चांदने मान हलवली, पण हात पुढे केला नाही. हितेंद्र निघून गेला. त्याच्या गाडीची वॉरंटी आता सर्व्हिस सेंटरशी भांडून कशी मिळवायची, ते ऋतिकाच्या कागदांवर होतं. चांदची माफी कुठल्या कागदावर मिळवायची हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं.

चांद आपली पान्यांची पेटी घेऊन पहिल्या गाडीखाली सरकला. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. खालून त्याचा आवाज आला.

"मास्तर, तुम्हालाही माझ्यावर संशय होता ना?"

"होता."

"पुरावा काय होता?"

"काही नव्हता," मी म्हणालो. "तू माझ्याकडे शिकला नव्हतास, एवढंच."

खाली पाना फिरला, बोल्ट ढिला झाला. मग त्याचा काळा हात गाडीखालून बाहेर आला.

"घमेलं द्या इकडे," तो म्हणाला. "आणि नुसते उभे राहू नका. सहा गाड्या बाकी आहेत."

मी शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसलो.